आबाजींची खाण्याची वही

आबाजींच्या पुढ्यात दोन पत्रावळी मांडाव्या लागत. एका पत्रावळीवर त्यांचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे, मावले तर वांग्याच्या भाजीला जागा उरत नसे, म्हणून दुसरी. जानेफळच्या आसपास कुठेही रोडग्यांचा भंडारा असला की आचारी पीठ काढण्याआधी विचारायचा, "आबाजी येऊन राह्यले का?" हो म्हटलं की तो आणखी पीठ परातीत ओतायचा. यात कुणी त्यांना हिणवत नसे बरं का. शेजारच्या एका गावात नावाजलेला पहिलवान होता, दुसऱ्या गावात भजनी मंडळ होतं, आणि आमच्या गावात आबाजी होते. गाव त्यांना पाहुण्यांना दाखवायचं.

मी त्या गावात ग्रामसेविका म्हणून गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी नाशिककडची, वय बावीस. सोबत एक पत्र्याची ट्रंक, प्रशिक्षण केंद्रातून मिळालेलं एक पुस्तक आणि गावाला आपणच आता सुधारणार अशी पक्की समजूत. आबाजींच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळं गाव 'माय' म्हणायचं. एकुलती एक मुलगी कुसुम, तिचं लग्न मी येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झालेलं. गावाबाहेर विहिरीवर वांगी, मिरची, कांद्याची बागायत होती. पहिल्या दिवशी मायनं मला जेवायला बसवलं. मी एक भाकरी खाऊन हात धुतला, तेव्हा आबाजी घाबरून मायकडे पाहायला लागले.

"बाई, तुमच्या नाशकाकडं इतकुसंच जेवतात?" ते म्हणाले. "मंग नोकऱ्या कशा करतात ते लोकं?"

त्यांचं खाणं हावरटपणाचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. ते खाताना कधी घाई करत नसत, कुणाच्या ताटाकडे पाहत नसत, आणि कुणी वाढलेलं टाकून उठणं त्यांना पाप वाटायचं. "ज्यानं वाढलं त्याचं मन मोडते," म्हणायचे. वाढणाऱ्यांनी या गोष्टीचा चाळीस वर्षं फायदा घेतला होता. परिणाम असा की आबाजी खाटेवर बसले की सुताराला निरोप जाई, आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आले की दाराला धरून जरा वेळ उभे राहत. विचारलं तर सांगत, "दार सैल झालं का पाहून राह्यलो."

कुसुमची लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. पहिल्या दिवाळीला लेकीला माहेरी आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाप जातो नाही तर भाऊ जातो. त्यानं लेकीच्या सासरच्या दारात उभं राहायचं, सासूच्या हातचं पाणी प्यायचं, जेवायचं आणि लेकीला मानानं घेऊन यायचं. कुसुमला भाऊ नव्हता. तेव्हा मुऱ्हाळी आबाजीच. आता गंमत अशी की कुसुमचं सासर संग्रामपूरच्याही वर, सातपुड्याच्या डोंगरात. जावई तिथे शाळामास्तर. खामगावला एस.टी. बदलायची, संग्रामपूरहून बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याशी जायचं आणि तिथून दोन कोस खडी चढण. ज्या वाटेनं गाडी जात नाही अशा गावात लेक द्यायची नाही असं आबाजी आधी म्हणत होते. पण जावई शिकलेला आणि स्वभावानं गरीब, म्हणून हो म्हणाले होते.

आबाजी नवा फेटा बांधून, करंज्यांचा डबा घेऊन निघाले. पायथ्याशी पोचले आणि पहिल्या चढणीला बसले ते बसलेच. छाती भात्यासारखी चालली होती. कुणीतरी एक तट्टू आणलं. तट्टानं आबाजींकडे एकदा पाहिलं आणि मागच्या मागे सरकायला लागलं. शेवटी एका गुराख्याबरोबर वर निरोप गेला. संध्याकाळ व्हायच्या आत कुसुमच ट्रंक डोक्यावर घेऊन डोंगर उतरून आली. मुऱ्हाळी पायथ्याशी धोंड्यावर बसलेला आणि लेक सासरहून आपली आपण चालत आलेली, असं कुणाच्या दिवाळीला झालं नसेल.

कुसुमनं घरी येऊन हसत हसत सगळं सांगितलं. पण निघताना सासू काय बोलली तेही तिच्या तोंडून मायजवळ निघून गेलं: "बाप दारात येत नाही त्या पोरीची आम्हाले का किंमत?" आबाजी ओसरीत होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवाळीत त्यांनी अनारश्यांना हात लावला नाही.

कुसुम परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. माझं प्रशिक्षणाचं पुस्तक त्यांनी पाहिलेलं होतं. त्यात कोणत्या धान्याच्या, डाळीच्या, तेलातुपाच्या एका औंसात किती कॅलरी, म्हणजे अंगाला किती ताकद मिळते, याचा तक्ता होता. गावातल्या अशक्त पोरांना आणि बाळंतिणींना जास्त कसं खाऊ घालायचं हे मी त्यातून बायांना शिकवायची.

"बाई," आबाजी म्हणाले, "तुमचं ते जास्त खाऊ घालाचं पुस्तक हाये ना, ते उलटं वाचता येते का?"

आधी मेहकरच्या दवाखान्यात तपासून या, मग पाहू, असं मी म्हटलं. डॉक्टर तरुण होते आणि फटकळ होते. त्यांनी छाती तपासली, गुडघे दाबले, रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, "हे वजन घेऊन डोंगर चढाल तर चार माणसं तुम्हाला खाली आणतील. आधी वजन उतरवा. कमी खा, रोज चाला, आणि जे खाल ते लिहून ठेवा." आबाजींनी त्यातलं फक्त लिहून ठेवायचं मनावर घेतलं, कारण ते एकच त्यांना सोपं वाटलं. येताना त्यांनी शाळेची दोनशे पानी वही विकत आणली.

वजनासाठी बाजारातल्या मिरचीच्या आडतीवर गेलो. तिथे मोठा तराजू होता. एका पारड्यात आबाजी बसले, दुसऱ्यात लोखंडी वजनं चढत गेली. तेव्हा नुकतीच किलोची वजनं आली होती आणि लोकांचा हिशेब अजून मणातच होता. एकशेतीन किलो भरले. आबाजींचा चेहरा उतरला. "मणात मोजा," ते म्हणाले. मणात पावणेतीन झाले. "पाहा, तीन बी नाही!" ते खूश झाले. मी किलोच वहीत लिहायला लावले. मिरचीच्या खकाण्यानं त्यांना तेवढ्यात शिंक आली आणि पारडं असं काही हेलकावलं की आडतीवरचे दोन हमाल बाजूला पळाले. पुढे वर्षभर दर बाजाराला हे वजन झालं आणि दर वेळी एक शिंक झाली.

मग भाकरी मोजायची होती. पोस्टमास्तरांकडून टपालाचा काटा एका दुपारपुरता मागून आणला. मायनं एका भाकरीचं पीठ काढलं, ते तीन औंस भरलं. ज्वारीच्या एका औंसाला सुमारे शंभर कॅलरी, म्हणजे भाकरीला तीनशे. आबाजी तोंडावर हात ठेवून बसले. "एका भाकरीत तीनशे? अन् मी सकाळच्याले सहा खातो!" मी त्यांना दोन वेळच्या मिळून चार भाकरी ठरवून दिल्या. तेल किती, दूध किती, वरण किती, सगळं वाटीच्या मापात बसवून दिलं. रोडग्याचा हिशेब मात्र पुस्तकात नव्हता. तो मी पीठ आणि तूप वेगळं धरून काढला. आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे कोणाले सांगू नका. गावातले भंडारे बंद पडतील."

आबाजी चौथी शिकलेले. अक्षर मोठं, आडवं, एका ओळीत चार शब्द. पण लिहिण्यात प्रामाणिकपणा असा की मला लाज वाटावी. 'भाकर दोन. वांग्याची भाजी अर्धी वाटी. शेंगदाने मूठभर, मायचं लक्ष नव्हतं तवा.' शेजारी त्यांनी आपल्या मनानं आणखी एक रकाना आखला होता. त्यात न खाल्लेल्या गोष्टी असत. 'जिलेबी, नुसती पाह्यली.' 'पाटलाच्या घरून तळल्याचा वास.' मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "मेहनत तर त्याच्यातच हाये. खाल्लेलं काय, कोनी बी लिहीन."

चालण्याचं काम मात्र भलतंच अवघड निघालं. आमच्या गावात बिनकामाचं कुणी चालत नसे. चालणारा माणूस दिसला की प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न, "कुठं चालले आबाजी?" ते खरं सांगत, "कुठीच नाही." कुठेच जात नाही म्हणजे वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणजे या, चहा घ्या. वाढलेलं नाकारायचं नाही हा त्यांचा नेम. पहिल्या आठवड्याची वही पाहिली तर रोज सकाळी 'चाल एक कोस' आणि त्याच्याखाली 'चहा सात, गुळाचे.' एका सकाळी नऊ होते. हिशेब केला तर चालून जेवढं जिरत होतं त्याच्या दुपटीहून जास्त चहातून परत येत होतं. मी कपाळाला हात लावला.

यावरचा उपाय त्यांनीच काढला आणि मला सांगताना ते जमिनीकडे पाहत होते. सकाळी हातात टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी हाक मारत नाही. कुठे चाललात असं विचारत नाही, चहाला तर नाहीच नाही. आबाजी रोज पहाटे फटफटलं की रिकामं टमरेल घेऊन निघू लागले. गाव ओलांडून नाला, नाल्यापलीकडे टेकडी, टेकडीला वळसा आणि परत. दीड कोस होऊ लागला, चहा शून्य. पण पंधरा दिवसांत विहिरीवर बाया मायला गाठायला लागल्या. "माय, आबाजीले लय दिवस झाले व... टेकडीपलीकडं जातात म्हने." कुणी सुंठ दिली, वैद्यबुवांनी चूर्ण पाठवलं, एकीनं बेलाचा मुरंबा आणून दिला. वाढलेलं नाकारायचं नसतं. वहीत त्या दिवशी होतं: 'बेलाचा मुरंबा, दोन चमचे. पोट चांगलं हाये.'

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येईना. चाल वाढली, चहा गेला, वहीत भाकरी चारच्या चार, आणि आडतीवरचा काटा जागचा हलेना. संक्रांतीपर्यंत जेमतेम दोन किलो उतरले. आबाजींच्या वहीच्या पानावर एके दिवशी लिहिलेलं दिसलं, 'दिवाळी नऊ महिन्यावर.' मी त्यांच्यावर मनातून संशय घेतला, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. बाहेर कुठे खात असतील आणि लिहीत नसतील असं मला वाटलं. मी जेवायच्या वेळी मुद्दाम जाऊन समोर बसले.

मायनं ताटात भाकरी वाढली आणि मला ताट दिसेनासं झालं. भाकरी ताटाच्या चारी बाजूंनी खाली लोंबत होती. जाडी बोटभर. मी तशीच पोस्टात गेले आणि काटा घेऊन आले. भाकरी त्यावर मावेना म्हणून चार तुकडे करून तोलली. पिठाच्या हिशेबानं एका भाकरीत अडीच भाकरी होत्या. आबाजी त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. भाकरी म्हणजे भाकरी, दोन म्हणजे दोन, ते इमानानं मोजत होते.

"माय, हे काय?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

माय चुलीपुढून उठली नाही. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाले काय होते बाई वहीत लिहाले? मी चाळीस वर्सं त्याइच्या ताटात सहा भाकरी पाह्यल्या. दोन वाढल्या तर मले घरात कोणी दुखण्यात हाये असं वाटते. मले त्या माणसाचं ताट रिकामं पाहवत नाही."

आबाजी म्हणाले, "तिले बोलू नका बाई. भाकर मोठी केली, मन लहान तर नाही केलं." आणि त्यांनी वही काढून तिथेच मागच्या सगळ्या पानांवर दोनाचे पाच करायला घेतले. मायला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्यानं दोन महिन्यांची पानं खोडताना पाहून ती आणखीच रडायला लागली.

तिला बदललं ते कुसुमच्या पत्रानं. फाल्गुनात पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. सगळं खुशालीचं, आणि शेवटी एक ओळ: 'यंदा दिवाळीला बाबा दारापर्यंत येतील का? नसेल जमत तर मी यंदा येत नाही, सासूबाई नको म्हणतात.' मायनं ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पीठ मापायला एक वाटी ठरवली. वाटीवर पीठ आलं तर बोटानं सपाट करायची. मग ती इतकी कडक झाली की मला आबाजींची बाजू घ्यावी लागली. कणभर जास्त तेल पडलं तरी ओसरीत ओरडून सांगायची, "बाई, आज थोडं जास्त सांडलं, लिहून घ्या!"

चैत्रात मोठा भंडारा झाला. वर्षाची सगळ्यात मोठी परीक्षा ती. आबाजींपुढे सवयीनं दोन पत्रावळी मांडल्या गेल्या. त्यांनी एक उचलून शेजारच्याला दिली. दोन रोडगे खाल्ले आणि पत्रावळीवर हात आडवा धरला. वाढपी तसाच वाकून उभा राहिला. ज्यांच्याकडचा भंडारा, ते गृहस्थ हात जोडून धावत आले. "आबाजी, आमचं काही चुकलं का? तूप कमी पडलं का?"

आबाजींनी बंडीच्या खिशातून वही काढून त्यांच्यापुढे धरली. "तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. माही लेक डोंगरावर बसून हाये. मले तिच्या दारात जाचं हाये. तुमचा रोडगा खांद्यावर घेऊन मले चढवत नाही."

एवढंच बोलणं, पण ते सगळ्या गावात गेलं. दुसऱ्या दिवसापासून गावानं आबाजींचं वजन आपल्या अंगावर घेतलं. टमरेलाची गरज उरली नाही. ओट्यांवरून आता विचारणा व्हायची, "किती कोस झाले आबाजी?" चहा देताना लोक बिनगुळाचा, घोटभर देत. बाजाराच्या दिवशी आडतीवर वीस-पंचवीस माणसं जमत आणि कुणीतरी मोठ्यानं आकडा सांगे, "ब्याण्णव!" शिंक आली की सगळे हसत. एके काळी ज्यांच्या खाण्याचा गावाला अभिमान होता त्यांच्या न खाण्याचाही झाला, आणि मला तर तो जास्तच होता. माझं पुस्तक उलटं वाचून ज्याच्या कामाला आलं असा तो एकच माणूस.

दसऱ्याला चौऱ्याऐंशी किलो भरले. "मणात?" मी विचारलं. "मण गेला बाई," ते म्हणाले, "आता किलोच बरे."

दिवाळीच्या चार दिवस आधी आबाजी निघाले. मी आणि माय एस.टी.पर्यंत गेलो. मायनं डबा दिला आणि बजावलं, बसत बसत चढा. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून दोघं उतरली. कुसुम पुढे, तिच्यामागे आबाजी, डोक्यावर तिची ट्रंक. हमालाला ते ती देईनात.

कुसुमनंच मग सांगितलं. ती अंगणात सारवत होती. सासू उंबऱ्यात बसली होती. वाटेच्या वळणावर कुसुमला आधी फेटा दिसला. "आमच्याकडं असा फेटा कोनाचा नाही," ती म्हणाली. "मी शेणाच्या हातानं उभी राह्यली. बाबा हळूहळू येऊन राह्यले व्हते. दारात आले अन् सासूबाईले म्हनले, 'ईहिनबाई, पाणी द्या. मुऱ्हाळी आलो.' सासूबाई उठल्या, बाई. सोता पाण्याचा तांब्या घेऊन आल्या." हे सांगताना कुसुम रडत होती आणि हसतही होती, आणि मायनं तिच्या तोंडात बळंच करंजी कोंबली.

मी मात्र परीक्षकाच्या थाटात वही मागितली. आबाजी जरा चुळबुळले, मग दिली. त्या दिवसाच्या पानावर होतं: 'चढ दोन कोस. सात जागी बसलो. उठलो बी सात येळा.' आणि त्याखाली, जिथे भाकरी, भाजी लिहायची तिथे, एकच ओळ: 'लेकीच्या घरी जेवलो. मोजलं नाही.'

"आबाजी, वर्षभराची वही, आणि नेमकं इथेच?" मी म्हटलं.

"ते मोजासाठी नव्हतं ना बाई," ते म्हणाले. मी वही मिटून त्यांना परत दिली.

पुढच्या वर्षी माझी बदली धाड नावाच्या गावी झाली. माय खूप रडली. आबाजींनी माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवली आणि म्हणाले, "जेवत जा पोरी. तुह्या अंगावर काहीच नाही. तू ते पुस्तक सरळच वाच." मला ते पहिल्यांदाच 'पोरी' म्हणाले. त्याच वर्षी माझी आई गेली. वडील लहानपणीच गेलेले. भावाचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. दिवाळीला त्याचं पत्र आलं, जमलं तर ये. ते वाचून मी ठरवलं की जमत नाही. धाडच्या माझ्या खोलीत मी एकटीच होते. बाहेर सगळीकडे अंगणं सारवली जात होती आणि मी उगाच जुने अहवाल लिहीत बसले होते. मला फार एकटं वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

वसुबारसेच्या सकाळी दारात फेटा दिसला. आबाजी. गाडी बिघडली म्हणून शेवटचा दीड कोस चालत आलेले, पण श्वास अगदी शांत.

"पाणी दे पोरी," ते म्हणाले. "मुऱ्हाळी आलो."

मी हसले. म्हटलं, "आबाजी, मुऱ्हाळी लग्न झालेल्या मुलीला असतो. माझं सासर कुठं आहे?"

"काऊन? तू सरकारच्या घरी नांदून नाही राह्यली का? माहेर सोडून दुसऱ्याच्या गावात पोर राह्यते, ते सासरच. त्याले मुऱ्हाळी लागतेच." ते खाली बसले. "चाल, माय वाट पाहून राह्यली. पण आधी मले जेवाले घाल. मुऱ्हाळी उपाशी जात नाही."

माझ्याकडे डाळतांदूळ आणि दोन कांदे होते. मी खिचडी टाकली. ती खाली लागली. डोळ्यांत पाणी होतं त्यामुळे वेळेवर उतरवायचं राहिलं. त्यांनी ती करपलेली खिचडी चवीनं खाल्ली, परत मागून घेतली, आणि मी माझी ट्रंक भरायला घेतली.

त्यानंतर आबाजी पुष्कळ वर्षं जगले. रोज सकाळी टेकडीला वळसा घालत राहिले, शेवटच्या आठवड्यापर्यंत. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी जानेफळला गेले. दहावा झाल्यावर मायनं कोनाड्यातून वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "मले तर वाचता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्याच पुस्तकाच्या हायेत ह्या. तुम्हीच न्या."

घरी येऊन मी एकेक वही चाळत बसले. भाकर दोन, भाजी अर्धी वाटी, जिलेबी नुसती पाह्यली. वर्षामागून वर्ष, एकही दिवस सोडलेला नाही. मग मला आठवलं, आणि मी धाडच्या त्या दिवाळीची वही शोधून काढली. वसुबारसेचं पान सापडलं. म्हटलं, खिचडी किती वाट्या लिहिली असेल? त्यात तेल किती धरलं असेल?

मोठं, आडवं अक्षर. 'चाल दीड कोस. एका दमात.' आणि त्याखाली:

'लेकीच्या घरी जेवलो. मोजलं नाही.'